मी मशीनचा दांडा बांधला तेव्हा

त्या मशीनमध्ये माझ्यापेक्षा शहाणा असा एकच भाग होता, आणि मी तो तारेनं बांधून ठेवला. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण मागाहून सांगायला बसलं की माणूस आपल्या बाजूची चार वाक्यं मधे घुसडतोच. मीही घुसडणार आहे, पण निदान गुन्हा आधी कबूल केलेला बरा.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पस्तिशीची, दोन लेकरांची आई, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री. आज त्या बाईला कुठं गाठता आलं तर मी तिला समोर बसवून चहा पाजीन आणि पोट धरून हसून घेईन.

आळेफाट्याला गॅरेजांच्या ओळीत एक छापखाना होता. एका बाजूला ट्रकच्या स्प्रिंगपाट्या ठोकायचे, दुसऱ्या बाजूला टायर, मधे आम्ही. मी तिथं बारा वर्षं खिळे जुळवत होते. खिळा म्हणजे शिशाचं एकेक उलटं अक्षर. लाकडी खणांसमोर दिवसभर उभं राहायचं, एकेक अक्षर उचलून हातातल्या पट्टीत लावायचं, छापून झालं की तीच अक्षरं परत आपापल्या खणात टाकायची. बारा वर्षांतली निम्मी मी अक्षरं जागेवर ठेवण्यात घालवली. घरी येऊन लेकरांची खेळणी उचलायची तीही त्याच चालीनं.

मग पुण्यातली वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर गेली आणि त्यांची शिशाची मशिनं भंगारात निघाली. आमच्या मालकांनी त्यातलं एक उचललं. ट्रकमधून ते उतरवायला शेजारच्या गॅरेजमधून इंजिन उचलायची साखळी आणावी लागली. माणसापेक्षा उंच, काळं, जागोजागी पितळ चमकणारं. गॅरेजवाले सगळे कामं टाकून बघायला आले. “ह्याचं इंजिन कुठं हाय राव?” असं एकानं विचारलं आणि त्याला उत्तर देता येईल असा आमच्यात कुणीच नव्हता.

उत्तर देणारे दुसऱ्या दिवशी यष्टीनं आले. पुण्याचे मिस्त्री. चाळीस वर्षं अशाच मशिनांवर काढून निवृत्त झालेले, वाळलेले, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. मशीन लावून द्यायचं आणि आठ दिवसांत कुणालातरी शिकवायचं, असं ठरलं होतं. “कुणाला शिकवू?” म्हणाले. मालकांनी इकडं तिकडं बघितलं. ट्रेडलवर छापणारा माणूस मान खाली घालून शाई घोटायला लागला. मी पुढं झाले. मालक म्हणाले, “बाई, जमंल का?” मी म्हटलं, “न जमायला काय झालं?” मला काय जमायचंय हेच माहीत नव्हतं.

पण जमलं. खोटं कशाला बोलू, फार छान जमलं. कळा दाबल्या की वरच्या पेटीतून पितळी साचे खुळखुळत खाली येऊन ओळीनं उभे राहत. दोन शब्दांच्या मधे एकेक पोलादी पाचर. ओळ भरली की कळांच्या बाजूचा हात, म्हणजे मशीनची मूठ, ओढायचा, मग पुढचं सगळं मशीनचं मशीन करी. पाचरा खालून वर ढकलल्या जात, ओळ फुगून दोन्ही बाजूंच्या जबड्यांना घट्ट टेके, मागचं वितळल्या शिशाचं भांडं पुढं येई, साच्यांवर शिसं दाबे, आणि अख्खी ओळ एका चकचकीत पट्टीत बाहेर पडे, हाताला चटका देणारी. आणि मग ते माझं लाडकं. वरून एक लांब हात येऊन वापरलेले साचे उचलून नेई आणि प्रत्येक साचा आपापल्या खणात आपणहून पडे. पहिल्या दिवशी ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींना वाटलं शिशाचा धूर लागला.

मिस्त्री शिकवताना मशीनच्या एकेका भागाचा इतिहास सांगत. भांड्याखाली पूर्वी गॅस जळायचा, शिसं कधी फार तापे कधी गोठे, आता वीज आली आणि काटा आपोआप सांभाळतो. शिशाची लगड पूर्वी माणसानं भांड्यात टाकायची, आता साखळीला टांगली की तीच हळूहळू खाली उतरते. शेवटी त्यांनी मशीनच्या मागं नेऊन एक बोटभर जाड दांडा दाखवला.

“हा नीट बघून ठेवा. सुरुवातीच्या मशिनांना हा नव्हता. ओळ आखूड असली, साच्यांमध्ये फट राहिली, तरी ती मशिनं शिसं सोडायची. फटीतून पिचकारी उडायची. आता ओळ सैल असली की हा दांडा आडवा येतो. मशीन नुसतं फिरून जातं, शिसं सोडत नाही.”

“मग त्या ओळीचं काय?” मी विचारलं.

“काही नाही. साचे परत वर जातात. ओळ तुम्ही पुन्हा जुळवायची.”

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हा तरबेज होते.

आता आमच्याकडच्या लग्नपत्रिकेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. जुन्नर-आंबेगावची पत्रिका म्हणजे नवरा-नवरीची नावं आणि मुहूर्त एवढंच नसतं. ते वरच्या चार ओळींत संपतं. खाली भावकी, सोयरे, मामेमंडळी, आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, आणि शेवटी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बारकी पोरं. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर घराघरांत बैठका होतात. असल्या नावांच्या याद्यांसाठीच मालकांनी मशीन आणलं होतं. हातानं दोन दिवस लागायचे ती पत्रिका मी आता दुपारपर्यंत उरकत होते.

त्या मोसमात पिंपळवंडीची एक पत्रिका मी अशीच झपाट्यानं जुळवली. मी हात ओढला की लगेच पुढची ओळ दाबायला घेई, मागं मशीन काय करतंय ते बघत नसे. एक ओळ सैल गेली. दांडा आडवा आला. मशीन गुपचूप फिरून गेलं, साचे वर गेले, आणि ओळ काही पडलीच नाही. वरची आणि खालची ओळ एकमेकींना इतकी व्यवस्थित लागली की मधे काही होतं असं कुणाला वाटू नये. घाईचा दिवस होता, मालकांनी प्रूफ वरवर वाचलं. पत्रिका छापून गेल्या, वाटल्याही.

चौथ्या दिवशी पांढऱ्या टोपीतला एक माणूस पत्रिका हातात घेऊन दारात उभा.

“मालक कोन हाय हितं?”

“मीच. बसा की पावणं. चहा सांगतो.”

“चहा ऱ्हाऊ द्या. ह्या कागदात मी कुठं हाय तेवढं दावा.”

मालकांनी चष्मा चढवला.

“हुडका, हुडका,” तो म्हणाला. “माझी भावजय हाय. माझा साडू हाय. गावचा माजी उपसरपंच बी हाय, त्याचं आन् आमचं पानी बंद हाय तरी हाय. नवरीचा सख्खा चुलता तेवढा न्हाई. आमी काय मेलो का?”

“छापताना ऱ्हाऊन गेलं असंल, भाऊ.”

“तिघं भाऊ येकदम? येखादा ऱ्हायला असता तर समजलो असतो!”

तिघांची नावं एकाच ओळीत होती. तिघांनी लग्नाला न यायचं ठरवलं. नवरीच्या बापानं तीन घरांचे उंबरे झिजवले, आम्ही पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आणि चुलते अखेर आले. पंगतीत त्यांनीच वाढलं म्हणे. पण मालकांनी मला बोलावून घेतलं.

“बाई, ह्या टायमाला सांभाळून घेतलं. आनखी येक ओळ गेली तर तुमी परत खिळ्यांवर. मशीनवर मी पुन्याहून मानूस आनतो. माझा धंदाच नावांचा हाय.”

परत खिळ्यांवर. पुन्हा उभं राहून एकेक अक्षर उचलायचं, पुन्हा खणात टाकायचं, आणि माझ्या त्या खुर्चीत कुणीतरी पुण्याचा शर्टाला पेन लावून बसणार. त्या खुर्चीवर माझा किती जीव जडला होता ते मला त्या क्षणी कळलं. पोळीभाजीचा डबा मी त्या दिवशी तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी मशीनच्या मागं गेले. माझा विचार सरळ होता. ओळ कोण खातं? दांडा खातो. दांडा आडवा आलाच नाही तर ओळ जाईलच कशी? थोडी सैल असली तरी पडेल तर खरी! पावती पुस्तकं शिवायची बारीक तार घेतली, दांडा मागं ओढला आणि चौकटीला चार वेढे देऊन बांधून टाकला. वर पदरानं हात पुसले. माझ्या मते मशीनमध्ये ती मोठी सुधारणा झाली होती. ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांना एक पत्र टाकून कळवावं असंही मनात आलं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून त्यांची अब्रू वाचली.

बारा दिवस एकही ओळ गेली नाही. किंचित सैल ओळींचा काठ जरा खरबरीत पडे, बाजूला शिशाचे केस येत, ते मी नखानं काढी. मालक खूश. “बाईंचा हात बसला आता,” असं गॅरेजवाल्यांना सांगत. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करी, म्हणजे दोनदा ऐकी.

तेराव्या दिवशी डिंगोऱ्याची पत्रिका आली. मालक कागद आणायला नारायणगावला गेले होते. नवरीचे वडील मजकूर घेऊन आले ते मशीन बघत तिथंच रमले. माझ्या खांद्याशेजारून पुढं वाकून विचारत होते, “हे काय? आन् ते काय?” आणि मी, सांगताना लाज वाटते, एखाद्या सर्कसवालीसारखी त्यांना खेळ करून दाखवत होते.

“थोडं मागं सरून बघा, भाऊ,” मी म्हटलं, तेही त्यांना वरचे साचे नीट दिसावेत म्हणून. ते एक पाऊल सरले. ओळीत फक्त ‘व समस्त ग्रामस्थ’ एवढंच होतं. उरलेली जागा कोऱ्या साच्यांनी भरायची असते. ती मी भरलीच नाही. तोंड चालू होतं ना. ऐटीत हात ओढला.

फस्सकन आवाज झाला आणि चांदीसारखी पिचकारी समोरून उडून जमिनीवर पसरली. मनगटावर तीन ठिणग्या बसल्यासारखं झालं, पदराला भोकं पडली. जिथं क्षणापूर्वी पाहुण्यांचं डोकं वाकलेलं होतं तिथून ती गेली होती. मी बटण बंद केलं. साचे, पाचरा, जबडे, सगळ्यांत शिसं शिरून गोठून एकच ढेकूळ झालं होतं.

“आयला!” पाहुणे म्हणाले. “बाई, हे रोज आसं करतं?”

“न्हाई,” मी म्हटलं. “कधीमधी.”

“मी जरा बाहेर थांबतो,” म्हणाले आणि थेट फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसले.

मी हाताला पाणी लावायच्या आधी काय केलं असेल? मागं गेले, तार सोडली आणि डब्याच्या पिशवीत घातली. माणसाची खरी चलाखी अशा वेळी दिसते.

मालक आले. त्यांनी मशीनचं तोंड बघितलं, जमिनीकडं बघितलं, माझ्या मनगटाकडं बघितलं. “लई भाजलं का?” म्हणाले. ते आधी रागावले असते तर बरं झालं असतं. मग शेजारच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. त्यांचा आवाज आमच्या खणांपर्यंत येत होता.

“मिस्त्री, तुमी सांगितलं व्हतं, ओळ सैल असली तर हे शिसं सोडत न्हाई. मग आज सोडलं ते काय व्हतं? दूध? आवो, बाईंचा डोळा गेला असता! आन् पाव्हन्याचा गेला असता तर मी डिंगोऱ्याला काय तोंड दाखवलं असतं?”

मिस्त्री परवा येतो म्हणाले. ते दोन दिवस मी खिळे जुळवत उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. एका ओळीपायी खुर्ची जाणार होती. अख्खं मशीन बिघडवलं म्हटल्यावर मग छापखान्याचं दारच बंद, असा माझा हिशेब. शिवाय मिस्त्री पुण्याला राहतात, त्यांचं काय बिघडणार, असंही मी स्वतःला समजावलं.

ते आले. कापडी पिशवीतून पितळेच्या छिन्न्या काढल्या. लोखंडानं खरवडलं तर जबड्यांवर रेघ पडते म्हणून पितळ. दुपारपर्यंत ते एकेक कपचा काढत बसले होते आणि मालक त्यांच्या डोक्यावर उभे राहून बोलत होते. मी समोर उभी, हातात ‘श्री’चा खिळा धरून. बराच वेळ तोच ‘श्री’ धरून होते.

सगळं मोकळं झाल्यावर मिस्त्रींनी मुद्दाम आखूड ओळ जुळवून हात ओढला. दांडा आडवा आला. मशीन फिरून गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच वेळा केलं. मग ते स्टुलावर बसले.

“मालक, दांडा तर बरोबर आहे,” ते हळू म्हणाले. “म्हणजे लावून देताना माझ्याच हातून कुठंतरी राहिलं असणार. मग इतके दिवस कसं चाललं, देव जाणे. आता हात पूर्वीसारखा राहिला नाही माझा. यापुढं मी कुणाच्या मशीनला हात लावणार नाही.”

हातातला ‘श्री’ मी खणात टाकला. तोही चुकीच्या.

“दांडा मी बांधला होता,” मी म्हटलं. “तुमचं काही राहिलं नव्हतं.”

पिशवीतून तार काढून त्यांच्यापुढं धरली. मिस्त्रींनी चष्मा काढला.

“किती दिवस?”

“बारा.”

“बारा दिवस!” आता त्यांचा आवाज चढला. “बाई, माझ्या पहिल्या छापखान्यात जुनं मशीन होतं, बिनदांड्याचं. तिथं ज्यांनी मला शिकवलं त्यांना एकाच डोळ्यानं दिसायचं. उगाच नाही हा दांडा आला! तुम्हाला काय वाटलं, कारखान्यात लोखंड उरलं होतं?”

मी मान खाली घातली. पण मग त्यांनी विचारलं, “का बांधलात पण?” आणि मला तोंड फुटलं.

“का म्हणजे? ओळ टाकायची नाही तर नको टाकू दे. पण टाकली नाही हे सांगतं तरी का ते? माझी नजर कळांवर, हात पुढच्या ओळीवर. ते मागच्या मागं गुपचूप ओळ गिळून बसतं. तीन चुलते गिळले त्यानं! तुमच्या पुण्याला हे चालत असेल.”

“पुण्याला प्रूफ वाचायला तिघंजण होते,” मिस्त्री म्हणाले.

“हितं मालक हायत,” मी म्हटलं, “आन् तेच कागद आनायला जातात, तेच वसुलीला जातात.”

मालकांनी घसा साफ केला. “बाई, उद्यापास्नं तुमी...”

“थांबा जरा,” मिस्त्री म्हणाले आणि उठून बाहेर गेले. आम्ही दोघंच उरलो. मालक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते आणि मी जमिनीवरच्या शिशाच्या चांदण्या पायाच्या अंगठ्यानं उकरत होते.

मिस्त्री परत आले ते सायकलची घंटी घेऊन. गॅरेजमधून एक लोखंडी पट्टी वाकवून आणली होती. दांडा आडवा आला की शिसं दाबणारा पंप त्याच्यावर येऊन आदळे. त्या दणक्यानं घंटीची जीभ हलेल अशी त्यांनी पट्टी बसवली. मला म्हणाले, “आखूड ओळ जुळवा.” मी ‘व समस्त ग्रामस्थ’ जुळवलं. हात ओढताना मान वळवून डोळे मिटून घेतले. मशीन फिरलं, आणि आतून ट्रिंग झालं.

मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांनी मला पुन्हा ओढायला लावलं, आणि आणखी एकदा. चाळीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, असं ते घंटीशी बोलल्यासारखं बोलले. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते मशीन पुढं सहा-सात वर्षं चाललं. मग आमच्याकडंही कॉम्प्युटर आला, मी तोही शिकले, आणि त्याच्यावर केलेले उद्योग वेगळे. आज नातवंडं सांगतात की फोन चूक झाली की आपणहून टुण्णकन वाजतो. मी म्हणते, वाजणारच.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. मिस्त्री हात धुवायला मागं गेले होते. माझी खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्या पाठीला धरून उभी होते, बसायचं की नाही ते न कळून. मालक कागदाच्या रिमा उचलता उचलता, माझ्याकडं न बघता म्हणाले,

“बसा. डिंगोऱ्याचं पावनं सकाळच्याला येनार हायत. आन् बाई, मी बाहेर टेबलाशी बसतोय, घंटी मला बी आयकू येती. दिसातनं किती येळा वाजती ते बघतोच मी.”